चर दोन प्रकारचे आहेत

शास्त्रभाग : २ राजे, अध्याय ३, ओव्या ४ ते २०, इब्री लोकांस पत्र, अध्याय ६, ओव्या ७ व ८



मवाबाचा राजा मेशा हा इस्राएलाच्या राजास मेंढरें व लोंकर खंडणी म्हणून देत असे. अहाब राजा मरण पावल्यावर त्यानें ती देण्याचें नाकारिलें. तेव्हां इस्राएलाचा राजा यहोराम, यहूदाचा राजा यहोशाफाट व अदोमाचा राजा असे तिघे मिळून अदोमाच्या रानांतून त्याच्यावर चालून गेले. सात दिवसांची वाटचाल झाली, आणि सैन्यास व जनावरांस पाणी मिळेना. यहोराम हाय हाय करूं लागला. यहोशाफाटानें मात्र परमेश्वराचा कोणी संदेष्टा जवळ आहे काय, अशी चौकशी केली. अलीशा सांपडला. त्यानें जें सांगितलें तें आपण शेतकऱ्यांनीं नीट लक्षांत घ्यावें. आकाशाकडे पाहात बसा असें त्यानें सांगितलें नाहीं; कोरड्या खोऱ्यांत खणावयास सांगितलें. वारा दिसणार नाहीं, पाऊसहि दिसणार नाहीं, तरी खोरें पाण्यानें भरेल, असें परमेश्वराचें वचन त्यानें कळविलें. मूळ इब्री भाषेंत चरांचा शब्द लागोपाठ दोन वेळ आला आहे; म्हणजे एक-दोन चर नव्हत, चरांमागून चर. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अर्पणाच्या वेळीं अदोमाकडून पाणी आलें.

आतां, ते चर कोणत्या प्रकारचे होते? शहरांतल्या वाचकास हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आपणांस वाटूं नये. आपल्या बोलींत खणलेल्या प्रत्येक लांबट खळग्यास आपण चरच म्हणतों, पण एक चर पाणी घालविण्यासाठीं असतो आणि दुसरा पाणी थांबविण्यासाठीं. अलीशानें पहिल्या प्रकारचे चर खणविले असते, तर अदोमाकडून आलेलें पाणी त्या तहानलेल्या सैन्याच्या पायांजवळून वाहून गेलें असतें, आणि तिघे राजे कांठावर उभे राहून तें पाहात राहिले असते. तीं जागा पाणी सांठविण्याची होती. माणसें प्यालीं, जनावरें प्यालीं.

आपल्या मोडनिंबाच्या शिवारांत दोन्ही प्रकार डोळ्यांसमोर आहेत. पुणें-सोलापूर हमरस्ता येथूनच जातो. कुर्डुवाडी-पंढरपूर आगगाडीचें स्थानकहि येथें आहे. ती १९०६ सालीं बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांवर सुरू झाली, आतां ते रूळ रुंद झाले आहेत. रस्त्याच्या व रुळांच्या कडेनें जे चर गेले आहेत ते पाणी घालविण्याचे. त्यांचे कांठ उभे, तळ खोल, आणि तळास ढाळ दिलेला. पाणी भरावांत मुरलें तर भराव खचेल, म्हणून तें लवकर मोरींतून पलीकडे काढून द्यावयाचें, एवढेंच त्यांचें काम. तें काम योग्य आहे; रस्त्यावर ज्वारी पेरावयाची नसते.

परंतु हाच चर शेतकरी आपल्या माळावर उताराच्या दिशेनें, उभा, खणतो तेव्हां काय होतें? एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लक्ष लिटर पाणी पडतें. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण वीस ते पंचवीस इंच, आणि तोहि सारखा पडत नाहीं. कित्येक वेळां एका रात्रींत दोन-तीन इंच कोसळतो आणि मग तीन आठवडे आकाश कोरडें. त्या एका रात्रीचें पाणी उभ्या चरांतून धांवत सुटतें. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याची माती कापण्याची शक्ति सुमारें चौपट होते. तीन पावसाळ्यांत चराची ओघळ होते, ओघळीचा नाला होतो, आणि आजोबांच्या वेळची वीतभर माती भीमेच्या किंवा सीनेच्या गाळांत जाऊन पडते. शेत धुवून निघतें. पण तें स्वच्छतेचें धुणें नव्हे.

दुसरा चर आडवा असतो. सरकारी शेतकी खातें त्यास सलग समतल चर म्हणतें. तो उतारास आडवा, एकाच पातळींतून चालतो. कोठें वळतो, कोठें टेकडीला बिलगतो, पण वर चढत नाहीं व खालीं उतरत नाहीं. साधारण दोन फूट रुंद व एक फूट खोल पुरे. निघालेली माती खालच्या अंगास टाकून तिचा वरवंटा करावयाचा आणि त्यावर मारवेल, वाळा किंवा असेंच दाट मुळांचें गवत लावावयाचें. कोणी हा चर अधिक पसरट व उथळ करितात, म्हणजे त्यांतूनहि गवत वाढतें व बैल पलीकडे जाऊं शकतात. अशा चरांत आलेल्या पाण्यास कोठें जावयाचें हें सुचतच नाहीं. तें उभें राहतें, आणि उभें राहिलें म्हणजे मुरतें. दोन-तीन दिवसांत चर कोरडा दिसतो. अडाणी माणूस म्हणतो, पाणी गेलें. पाणी गेलें नाहीं. खालच्या मुरुमांतून तें विहिरीकडे चाललें आहे.

इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानें भूमीची जी उपमा दिली आहे, तींतील एक क्रियापद आम्हांस नेहमीं थांबवितें. भूमीवर पाऊस पडतो असें म्हणून तो थांबत नाहीं. वारंवार पडणारा पाऊस भूमि पिते, असें तो म्हणतो, आणि पिऊन उपयोगी पीक देते तिला आशीर्वाद आहे असें सांगतो. पाऊस तर प्रभूनें सांगितल्याप्रमाणें नीतिमानावर व अनीतिमानावर सारखाच पडतो. (येथें उपदेशक बंधूंस एक गोष्ट सुचवितों. ज्या गांवावर पाऊस कमी पडला त्या गांवाचें पाप अधिक, असें चावडीवर कधींहि बोलूं नये. तें खरें नाहीं, आणि ऐकणारा दुष्काळांतून उठलेला असतो.) भेद पडण्यांत नाहीं, पिण्यांत आहे. आपला शाळू याची साक्ष देतो. मोहोळच्या केंद्रांत निवडून काढलेली मालदांडी ज्वारी आपण भाद्रपद-आश्विनांत पेरतों, त्यानंतर पाऊस बहुधा येत नाहीं, आणि तरी माघांत कणसें भरतात. ती ज्वारी आकाशांतल्या पावसावर जगत नाहीं. जमिनीनें जें धरून ठेविलें त्यावर जगते.

मग उभा चर सर्वत्र वाईट काय? तसें आम्ही म्हणत नाहीं, आणि कोणी व्यासपीठावरून तसें म्हटलें तर तें अर्धें ज्ञान होय. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. कोरड्या मुलखांत पाटाचें पाणी आलें, ऊंस उभा राहिला, लोकांस वाटलें दारिद्र्य संपलें. पण पाणी दिलें तितकें बाहेर निघण्यास वाट नव्हती. जमिनीच्या पोटांतील पाण्याची पातळी वर वर येऊं लागली, त्याबरोबर क्षार वर आले, आणि चांगल्या काळ्या रानांवर पांढरें मीठ फुललें. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनीं १९१० सालीं या नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं पुस्तिकाच प्रसिद्ध केली. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठीं जो खास विभाग काढिला, त्याच्यापुढेंहि हा प्रश्न होता. तोच विभाग पुढें खडकवासल्याचें संशोधन केंद्र झाला. उपाय एकच ठरला, निचरा. त्या रानांस खोल चर हेंच औषध होतें. आज शिरोळ तालुक्यांत तर जमिनीखालीं छिद्रांच्या नळ्या पुरून क्षारांचें पाणी काढून देतात, आणि ज्या रानांत गवतहि उगवत नव्हतें तेथें पुन्हां पीक घेतात.

हें आपणांपासून दूरचें नाहीं. १९८० सालीं पूर्ण झालेलें उजनीचें धरण आपल्याच माढें तालुक्यांत आहे. ज्या भावाचें रान पाटाच्या खालीं आहे व ज्याच्या विहिरीचें पाणी पावसाळ्यानंतर हाताला लागतें, त्यानें माळावरच्या भावाचें पाहून आडवे चर खणूं नयेत. तापकऱ्यावर आणखी घोंगडी घालण्यासारखें तें होईल. मोशेनें अनुवादांत मिसर देश व कनान देश यांची जी तुलना केली आहे ती येथें आठवावी. मिसरांत मनुष्य भाजीच्या मळ्याप्रमाणें शेतास आपल्या श्रमानें पाणी पाजीत असे. कनान डोंगरांचा व खोऱ्यांचा देश, तो आकाशाचें पाणी पिई. एकाच तालुक्यांत आपल्याजवळ मिसरहि आहे आणि कनानहि आहे. पाटाखालीं मिसराची रीत, माळावर कनानाची. ज्याला आपलें रान कोणतें हें ठाऊक नाहीं तो कुदळ कशाला उचलतो?

तिसरी जातहि आहे, ती थोडक्यांत सांगतों. खोल, भारी काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत फुगून तोंड मिटते. मग तींत पाणी फार हळू मुरतें. तेथें बरोबर समतल बांध घातला तर मागें पाणी तुंबून पीक पिवळें पडतें, आणि बांधासच भेग पडून तो फुटतो. म्हणून अशा रानांत बांधास शंभर फुटांत अडीच-तीन इंच इतका अगदीं मंद ढाळ देतात, आणि जास्तीचें पाणी गवतानें झांकलेल्या वाटेनें हळूहळू खालीं सोडतात. सोलापुरास १९३३ सालीं जें कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र स्थापन झालें, तेथें व विजापुरास मातीची धूप व ओल यांचा वर्षानुवर्षें अभ्यास झाला. देवानें शेतकऱ्यास योग्य रीत शिकविली असें यशया म्हणतो. ती रीत कांहीं वेळां बापाकडून येते, कांहीं वेळां मोजपट्टी घेतलेल्या परक्या माणसाकडून.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा विषय घेतला तिच्याकडे वळतों.

उभा चर एकटा मनुष्य खणूं शकतो. त्यास कोणाची संमति लागत नाहीं. रात्रीं पाऊस लागला, वरच्या भावानें फावडें घेतलें, आपल्या बांधाच्या कोपऱ्यास खांड पाडली, आणि त्याचें पाणी खालच्या भावाच्या रानांत गेलें. सकाळीं वरचा म्हणतो, माझें रान वाचलें. खालच्याच्या पेरणीवर मुरूम पसरलेला असतो. एकाचा निचरा तो दुसऱ्याचा पूर. आपल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या मेजावर शेजारीं बसणारीं घरें एकमेकांशीं बोलत नाहींत, त्यांतील कितीकांचें मूळ असल्या एका फावड्यांत आहे, हें उपदेशक बंधूंस आम्हीं सांगावयास नको. बांध कोरणें ही आपल्या देशाची जुनी चोरी आहे. दरवर्षीं नांगराचें एक तास. मोशेच्या नियमशास्त्रांत शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकविणाऱ्यास शाप सांगितला आहे, आणि सर्व लोकांनीं त्यावर आमेन म्हणावयाचें आहे. तो आमेन आपल्या येथें मोठ्यानें म्हटला जातो. त्यानंतर आषाढ येतो.

आडवा चर मात्र एकट्यानें होत नाहीं. पाण्याची सारखी पातळी गट-नंबर जाणत नाहीं, सातबारा वाचत नाहीं. ती एका भावाच्या विहिरीमागून निघते, दुसऱ्याच्या बाभळीखालून जाते, तिसऱ्याचें रान तिरकें कापून चवथ्याच्या ताब्यांत शिरते. १९७२ च्या दुष्काळांत लाखों हातांनीं दुष्काळी कामांवर पाझर तलाव बांधले व समतल बांध घातले. त्या वेळच्या श्रमांचें मोल कोणी कमी करूं नये. त्या मजुरींत आपल्याहि पुष्कळ घरांची चूल पेटली. पण बांधांची रेषा पातळीप्रमाणें गेली आणि मालकी तुकड्यातुकड्यांची राहिली. पुष्कळ ठिकाणीं शेतकऱ्यास वाटलें कीं, हा सरकारचा बांध माझ्या रानाचे दोन तुकडे करितो, आणि त्यानें तो नांगरून टाकिला. रेषा बरोबर होती. शेजाऱ्यांचें मन तींत घेतलेलें नव्हतें.

याच्या उलट उदाहरण पुरंदर तालुक्यांतलें आहे. त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नांवाचे एक अभियंता नायगांवास आले, देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनीं कसावयास घेतली, उतारावर बांध घातले, पायथ्याशीं पाणी अडविलें, आणि १९७४ पासून पाणी पंचायतीची रीत पाडली. पाण्याचा वांटा जमिनीप्रमाणें नव्हे, घरांतील माणसांप्रमाणें, भूमिहीनासहि वांटा, आणि त्या पाण्यावर ऊंस नाहीं. हे गृहस्थ आपल्या मंडळीचे नव्हते. चांगली रीत शिकावयास ख्रिस्ती माणसानें कोणाच्याहि दारीं जाण्यास लाजूं नये. भूमिहीनास पाण्याचा वांटा ही गोष्ट तर आपल्यांतील ज्या घरांस पिढ्यान्‌पिढ्या गांवच्या विहिरीवर दोर टाकूं दिला नाहीं, त्यांस समजावून सांगावी लागत नाहीं.

पुन्हां त्या खोऱ्याकडे पाहा. तेथें तीन राजे होते. अदोमाच्या राजाचा आणि त्या दोघांचा धर्म एक नव्हता. कोणाच्या माणसांनीं किती चर खणले, हें शास्त्र सांगत नाहीं. कोणत्या चराचें पाणी कोणी प्यावें हेंहि सांगत नाहीं. आणि पाणी आलें तें अदोमाकडून, म्हणजे वरच्या अंगानें, दुसऱ्याच्या मुलखांतून. दूर अदोमाच्या डोंगरांत रात्रीं पाऊस पडला असावा, असें पुष्कळ भाष्यकार मानतात. खालच्यांनीं तो पाहिला नाहीं.

वचनाच्या बाबतींत आपल्यापैकीं पुष्कळांचें मन त्या उभ्या चरासारखें असतें. रविवारीं उपदेश ऐकतांना डोळ्यांस पाणी येतें, सोमवारीं बाजारांत त्याचा ओलावाहि राहत नाहीं. शब्द आले आणि वेगानें गेले, जातांना थोडी मातीच घेऊन गेले. आणि रागाच्या बाबतींत याच माणसांचें मन पाटाखालच्या चोपण रानासारखें. वडिलांच्या वेळचा वाद तेथें तुंबलेला आहे, वर पांढरें मीठ आलें आहे, आणि त्यांत कांहीं उगवत नाहीं. जेथें मुरवावयाचें तेथें आपण वाहूं देतों, आणि जेथें वाहूं द्यावयाचें तेथें तुंबवितों. सूर्य मावळण्यापूर्वीं राग सोडावा असें पौल इफिसकरांस लिहितो. तो निचऱ्याचाच चर होय, आणि त्याला खोल व चांगला ढाळ द्यावा.

कामाच्या दोन गोष्टी उरल्या. पातळी डोळ्यानें ठरवूं नका. उतारावर डोळा हमखास फसवितो. तीन काठ्यांची चौकट करून मध्यें दोरीनें दगड सोडला तरी चालतें. त्याहून सोपी रीत म्हणजे पंधरा-वीस हात लांब पारदर्शक रबरी नळी पाण्यानें भरून तिचीं दोन टोंकें दोन सारख्या काठ्यांस बांधावीं. हवेचा बुडबुडा आंत राहूं देऊं नये. एकानें एक काठी रोंवावी, दुसऱ्यानें दुसरी पुढेंमागें सरकवावी. दोन्ही टोंकांस पाणी काठीच्या एकाच खुणेवर आलें म्हणजे ते दोन बिंदु सारख्या पातळीचे. हें काम एकट्यानें होत नाहीं, दोन माणसें लागतात. ज्या गांवीं दोन घरांत पाण्यावरून अबोला आहे, तेथील उपदेशकानें एक टोंक वरच्या भावाच्या हातीं द्यावें व दुसरें खालच्या भावाच्या. खुणेवरचें पाणी कोणाची बाजू घेत नाहीं, आणि पाणी स्थिर होईपर्यंत दोघांस एकमेकांस हांक मारावीच लागते : थोडी खालीं घे, आतां राहूं दे.

आणि काम माथ्यापासून सुरू करावें. खालचा चर आधीं खणला तर वरचें सारें पाणी एकाच धडकीनें त्यावर येतें व तो फुटतो. प्रत्येक चराच्या एका अंगास दगडांचा सांडवा ठेवावा, वरवंट्याच्या माथ्यापेक्षां अर्धा फूट खालीं, म्हणजे अतिवृष्टींत पाणी ठरलेल्या ठिकाणाहूनच बाहेर पडेल. तो सांडवा कोणाच्या रानांत उतरतो हें त्या रानाच्या मालकास आधीं विचारून ठरवावें. पहिला मोठा पाऊस पडत असतां इरलें घेऊन चरावर जावें. जेथें पाणी एका जागीं खोल दिसेल तेथें पातळी चुकली असें समजून ओल्या मातीनें लगेच वरवंटा उंच करावा, कारण दुसऱ्या पावसांत खांड तेथेंच पडते. ज्या मंडळ्यांस नळी हवी असेल त्यांनीं आपल्या उपदेशकांकडून मृगापूर्वीं निरोप पाठवावा. एका गांवाचें मोजून झालें म्हणजे तीच नळी पुढच्या गांवीं नेतां येईल.